एकच क्यूआर, चार दुकाने : सामाईक ऑनलाइन खाते तुंबते तेव्हा काय करावे?

सहा डिसेंबरच्या आदल्या संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलसमोरून ज्यांनी एकदा तरी वाट काढली आहे, त्यांना हे सांगायला नको. गावाकडून आलेला माणूस पोटाला चिमटा काढून पुस्तक घेतो. नागपूरच्या दीक्षाभूमीवरही तेच. पाच-सहा वर्षांपूर्वी हा सगळा व्यवहार सुट्ट्या नोटांवर चालायचा. आता आजीबाईसुद्धा नातवाला सांगते, "स्कॅन कर रे."

अशाच एका पाच डिसेंबरच्या संध्याकाळी आमचा क्यूआर कोड बंद पडला. आम्ही चार जण एकत्र स्टॉल लावतो : एक छोटे प्रकाशन, अगरबत्ती-मेणबत्ती करणारा एक महिला बचत गट, बुद्धमूर्ती घडवणारा एक कारागीर आणि दिनदर्शिका व फोटो फ्रेम विकणारा एक तरुण. मोबाईलमधले त्या तरुणालाच जास्त कळते, म्हणून क्यूआर त्याच्या खात्याचा होता. आमच्या छोट्या वेबसाइटवरच्या ऑर्डरचे पैसेही त्याच्याच नावावर यायचे. रात्री हिशेब करून आपापले पैसे वाटून घ्यायचे, असा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. त्या संध्याकाळी मात्र ऐन गर्दीत एकेकाचे पेमेंट फेल होऊ लागले. लोक पुस्तक खाली ठेवून पुढच्या स्टॉलकडे गेले. पुढच्या आठवड्यात वेबसाइटचे पैसेही "तपासणीसाठी" अडकले. त्यात बचत गटातल्या भगिनींचा वाटा होता. मेण आणि वात उधारीवर आणलेली. "आमचे पैसे गेले कुठे?" हा त्यांचा प्रश्न साधा होता आणि रास्तही होता. पैसे बुडाले नव्हते, पण जवळजवळ बुडाला होता तो एकमेकांवरचा विश्वास.

समाजातले कितीतरी छोटे प्रकाशक, बचत गट, कलावंत आज अशाच एका सामाईक खात्यावर चालतात. म्हणून आम्ही ठेच खाऊन जे शिकलो ते इथे मांडत आहोत.

मर्यादा नेमकी कुठे असते?

"लिमिट संपली" असे आपण सहज म्हणतो. पण मर्यादा एकच नसते. ती वेगवेगळ्या ठिकाणी असते आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा आहे.

पहिली मर्यादा पैसे पाठवणाऱ्याची. यूपीआयवरून साधारण व्यवहारासाठी दिवसाला एक लाख रुपयांची कमाल मर्यादा आहे, आणि बँक आपल्या ग्राहकासाठी ती कमीही ठेवू शकते. ज्याने यूपीआय नुकतेच सुरू केले आहे त्याला पहिल्या २४ तासांत ५,००० रुपयांपर्यंतच पाठवता येतात. तीनशे रुपयांच्या पुस्तकाला ही मर्यादा सहसा आडवी येत नाही. मोठ्या मूर्तीच्या ऑर्डरला येऊ शकते.

दुसरी मर्यादा पैसे घेणाऱ्याच्या खात्याच्या प्रकाराची. आपला वैयक्तिक क्यूआर, छोट्या दुकानदाराचा क्यूआर आणि पूर्ण कागदपत्रे दिलेल्या व्यापाऱ्याचा क्यूआर हे दिसायला सारखेच चौकोन असतात. बँकेच्या दप्तरी मात्र ते तीन वेगळे वर्ग आहेत. छोट्या दुकानदाराला कमी कागदपत्रांवर क्यूआर मिळतो, पण महिन्याला किती रक्कम येईल याला मर्यादा असते. चार जणांची विक्री अशा एका क्यूआरवर आली की वर्षभर पुरणारी मर्यादा मोसमात दोन दिवसांत संपते. वैयक्तिक क्यूआरची आणखी एक अडचण आहे : रुपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडलेला ग्राहक त्या कार्डातून फक्त व्यापारी क्यूआरवर पैसे देऊ शकतो. आपला क्यूआर वैयक्तिक असेल तर त्याचे पेमेंट होणारच नाही.

तिसरी मर्यादा पेमेंट गेटवेची. वेबसाइटवर कार्ड, नेटबँकिंग, यूपीआय स्वीकारण्यासाठी आपण ज्या कंपनीची सेवा घेतो, ती खाते उघडतानाच विचारते : काय विकता, महिन्याला साधारण किती विक्री होईल? आपण तिथे काहीतरी लिहून मोकळे होतो. पुढे एखाद्या आठवड्यात त्याच्या कित्येक पट पैसे आले की कंपनीची यंत्रणा सावध होते आणि पैसे आपल्या बँकेत सोडण्याआधी बिले मागते. आमचे पैसे इथेच अडकले होते. पुस्तकांचे खाते म्हणून नोंदवलेल्या ठिकाणी अगरबत्ती आणि मूर्तींचेही पैसे येत होते, ही शंका त्यांना यावी यात त्यांचा दोष नव्हता.

चौथी मर्यादा दिसत नाही, पण सर्वांत महाग पडते. ती पॅनची. ज्याच्या पॅनवर खाते, त्याचीच सगळी विक्री, असे कर खाते समजते. त्याविषयी पुढे सविस्तर सांगतो.

ऐन गर्दीत ओळखायचे कसे? एकाचेच पेमेंट फेल झाले आणि मागच्याचे झाले, तर अडचण ग्राहकाकडे आहे. सगळ्यांचीच फेल होत असतील तर दुसऱ्या बँकेच्या मोबाईलवरून एक रुपया पाठवून पाहावा. थोड्या वेळाने तो आला तर बँकेचा सर्व्हर अडला होता. येतच नसेल आणि संदेशात मर्यादेचा उल्लेख असेल, तर आपले खाते भरले आहे. आमच्याकडे त्या संध्याकाळी हे कुणालाच ठाऊक नव्हते. आम्ही नेटवर्कला दोष देत बसलो.

जे उपाय करू नयेत

खाते तुंबले की पहिला सल्ला मिळतो, "बायकोच्या नावाने दुसरा क्यूआर लाव." दुसरा सल्ला, "आज याचा, उद्या त्याचा." तिसरा, "पासवर्ड सगळ्यांना देऊन टाक, म्हणजे कुणीही पाहू शकेल." आम्ही यातले दोन करून पाहिले आहेत.

नातेवाइकांच्या बचत खात्यावर धंद्याचे पैसे घेतल्याने मर्यादा वाढत नाही, फक्त गुंता वाढतो. बचत खाते व्यवसायासाठी नसते, आणि बँकेच्या ते लक्षात आले की ती खाते थांबवू शकते. स्टॉलवरची रोकडही अनेकदा त्याच खात्यात भरली जाते. एका आर्थिक वर्षात बचत खात्यांत १० लाख रुपये किंवा त्याहून जास्त रोख भरली गेली, तर बँकेला ती माहिती आयकर विभागाला द्यावीच लागते. ज्या माउलीच्या नावावर खाते आहे तिला मग नोटिशीचे उत्तर देत बसावे लागते.

मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर एकाच व्यवसायाची दोन-तीन विक्रेता खाती उघडणे तर अधिक धोक्याचे. पत्ता, बँक, मोबाईल यांवरून ती यंत्रणा खाती एकमेकांशी जोडून पाहते. एक बंद झाले की जोडलेली सगळीच बंद होतात.

आणि पासवर्ड-ओटीपी वाटणे म्हणजे तिजोरीची किल्ली खुंटीला टांगणे. पैसे इकडे-तिकडे झाले तर कुणी केले हे सिद्ध करता येत नाही, आणि मग संशय सगळ्यांवर येतो.

आणखी एक धोका हल्ली वाढला आहे. ऑनलाइन फसवणुकीतले पैसे फिरत फिरत एखाद्या दुकानदाराकडे खरेदीपोटी येतात. तक्रार झाली की पोलिसांच्या सूचनेवरून बँक ती रक्कम, कधी कधी पूर्ण खातेच, रोखते. दुकानदाराचा काही गुन्हा नसतो. पण खाते चौघांचे असेल तर एका अनोळखी ग्राहकापायी चारही घरांचे पैसे थांबतात.

कर आणि पॅनचे गणित

छापील पुस्तकांवर जीएसटी नाही. जो फक्त करमुक्त वस्तू विकतो त्याला जीएसटी नोंदणीची गरज नाही, मग विक्री कितीही असो. पण त्याच पॅनवर अगरबत्तीचा एक पुडा जरी विकला, तरी चित्र बदलते. अगरबत्तीवर जीएसटी आहे. मग नोंदणीची मर्यादा मोजताना पुस्तकांची करमुक्त विक्रीही एकूण उलाढालीत धरली जाते. महाराष्ट्रात फक्त वस्तू विकणाऱ्यासाठी ही मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे, सेवांसाठी २० लाख. समजा, एका तरुणाच्या पॅनवर ३९ लाखांची पुस्तके आणि दोन लाखांची अगरबत्ती गेली. पुस्तके प्रकाशनाची, अगरबत्ती बचत गटाची, आणि नोंदणीची जबाबदारी मात्र त्या तरुणाची! वेगवेगळ्या खात्यांवर हीच विक्री असती तर प्रकाशनाला नोंदणी लागली नसती आणि बचत गट मर्यादेच्या खूप खाली राहिला असता.

मोठ्या विक्री-संकेतस्थळांवर पूर्वी करपात्र वस्तू विकायच्या तर पहिल्या रुपयापासून जीएसटी नोंदणी लागायची. १ ऑक्टोबर २०२३ पासून छोट्या विक्रेत्यांना सवलत मिळाली : उलाढाल मर्यादेच्या आत असेल तर जीएसटी पोर्टलवर पॅनच्या आधारे नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्याच राज्यात विकता येते. म्हणजे नाशिकची अगरबत्ती नागपूरला पाठवता येईल, भोपाळला नाही. ही सवलतही ज्याच्या त्याच्या पॅनवर मिळते. चौघे एका पॅनवर असतील तर एकाने राज्याबाहेर माल पाठवताच सर्वांची सवलत जाते.

शिवाय विक्री-संकेतस्थळ टीडीएस कापते. १ ऑक्टोबर २०२४ पासून तो एकूण विक्रीच्या ०.१ टक्का आहे. पॅन किंवा आधार दिलेल्या व्यक्तीची त्या संकेतस्थळावरील वार्षिक विक्री पाच लाखांपर्यंत असेल तर कपात होत नाही. रक्कम किरकोळ आहे, पण तिच्यासोबत सगळी विक्री पॅनधारकाच्या नावे आयकर विभागाकडे नोंदली जाते. "साहेब, हे पैसे माझे नव्हते," हे तोंडी सांगून भागत नाही. त्याला वही लागते, बिले लागतात.

मग करायचे काय?

आमच्या अनुभवातून चार मार्ग दिसतात. आपला गट किती जुना आहे, व्यवसाय खरोखर एक आहे की फक्त टेबल एक आहे, यावर निवड अवलंबून आहे.

एक : टेबल एक, क्यूआर चार. हा सर्वांत सोपा मार्ग आहे आणि आज आम्ही स्टॉलवर हेच करतो. बँक खात्यातून होणाऱ्या यूपीआय पेमेंटवर व्यापाऱ्याला जानेवारी २०२० पासून शुल्क नाही, त्यामुळे चार क्यूआर ठेवण्याचा वेगळा खर्च येत नाही. आवाज करणारा डबा भाड्याने घेतला तर त्याचे भाडे तेवढे पडते. प्रत्येक वस्तूच्या ढिगासमोर त्याचा क्यूआर लावायचा. ग्राहकाने पुस्तक आणि अगरबत्ती दोन्ही घेतले तर दोनदा स्कॅन करावे लागते, एवढाच त्रास. बचत गटाला स्वतःच्या नावाने बँक खाते उघडता येते. त्यासाठी सगळ्या सदस्यांची नव्हे, पदाधिकाऱ्यांची केवायसी पुरते. आमच्या भगिनींना हेच ठाऊक नव्हते. अध्यक्ष आणि सचिवाची कागदपत्रे घेऊन त्या स्वतः बँकेत गेल्या आणि काम करून आल्या. माविम किंवा उमेदचा तालुक्यातला कार्यकर्ता अशा कामात मदत करतो.

दोन : खाते व्यवसायाच्या नावाने करा आणि मर्यादा वाढवून मागा. एकट्याचा धंदा असेल तर उद्यम नोंदणी करावी. ती सरकारी पोर्टलवर आधारच्या साहाय्याने होते आणि पूर्ण मोफत आहे, त्यासाठी पैसे मागणाऱ्या वेबसाइटपासून सावध राहा. दुकान असेल तर गुमास्त्याचा कागद जोडावा. महाराष्ट्रात कामगार थोडे असतील तर त्यासाठी फक्त सूचनापत्र पुरते. या कागदांवर चालू खाते उघडते आणि त्यावर पूर्ण व्यापारी क्यूआर मिळतो.

मर्यादा वाढवण्याचा अर्ज मोसमाच्या आधी करावा. आपला मोसम ठरलेला आहे : १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, धम्मचक्र प्रवर्तन दिन आणि ६ डिसेंबर. अर्जात चार गोष्टी स्पष्ट लिहाव्यात : काय विकतो, गेल्या वर्षी त्या महिन्यात किती विक्री झाली, यंदा किती अपेक्षित आहे आणि वाढ का होणार आहे. सोबत मागची बिले, छपाईचे बिल, स्टॉलच्या जागेची पावती जोडावी. गेटवे कंपनीलाही हाच मजकूर ईमेलने कळवावा. महापरिनिर्वाण दिनाला पुस्तकांची विक्री का वाढते, हे दूरच्या शहरात संगणकासमोर बसलेल्या माणसाला ठाऊक असेलच असे नाही. ते आपणच सांगायला हवे.

तीन : वेबसाइट एक, खिसे वेगळे. ग्राहकाला एकाच ठिकाणी सगळे घ्यायचे असेल तर त्याला चारदा पैसे भरायला लावणे बरे नाही. यासाठी बऱ्याच गेटवे कंपन्या रक्कम विभागून देण्याची सोय देतात. प्रत्येक विक्रेत्याची केवायसी करून त्याचे बँक खाते जोडले जाते, आणि ग्राहकाने एकदाच भरलेल्या ६५० रुपयांपैकी ५०० प्रकाशनाला व १५० बचत गटाला परस्पर जातात. मधल्या माणसाच्या खात्यात पैसे येतच नाहीत. गेटवेचे शुल्क साधारण दोन टक्के आणि त्यावर जीएसटी असते. ते कुणी किती सोसायचे हे आधी ठरवावे. आमचे ठरले : ज्याची जितकी विक्री, त्याला तितके शुल्क.

चार : व्यवसाय खरोखरच एक करा. खरेदी, विक्री, नफा-तोटा सगळे सामाईक असेल तर त्याला कायदेशीर घर हवे. १९३२ च्या कायद्यानुसार भागीदारी संस्था काढणे सोपे आहे, पण तोटा झाला तर प्रत्येक भागीदार वैयक्तिकरीत्या जबाबदार राहतो. २००८ च्या कायद्याखालच्या एलएलपीत जबाबदारी मर्यादित असते, कागदपत्रे वाढतात. जास्त लोक असतील तर सहकारी संस्थेचा विचार करता येतो. संस्थेचा स्वतःचा पॅन होतो आणि एका तरुणाच्या डोक्यावरचे ओझे उतरते. कुठला मार्ग घ्यावा हे एखाद्या सीएला विचारून ठरवा. त्याची फी नंतरच्या नोटिशीपेक्षा स्वस्त पडते.

मार्ग कोणताही असो, पासवर्ड एकाच माणसाकडे ठेवावा आणि इतरांना त्यांच्या नावाने वेगळे प्रवेश द्यावेत. विक्री-संकेतस्थळे आणि गेटवे दोन्हींत ही सोय असते : एकाला फक्त ऑर्डर दिसतील, दुसऱ्याला हिशेब पाहता येईल, बँक खाते बदलण्याचा अधिकार मात्र एकाकडेच राहील.

विहाराचे दान आणि विक्रीचे पैसे

एक गोष्ट इथे जोर देऊन सांगायची आहे. अनेक ठिकाणी विहाराच्या ट्रस्टचाच क्यूआर पुस्तक-स्टॉलवर लावलेला दिसतो. हेतू चांगला असतो, पण दान आणि विक्री एकाच खात्यात मिसळली की दोन्हींचा हिशेब बिघडतो. ट्रस्टच्या करसवलतीला अटी असतात, आणि व्यापारातून येणाऱ्या उत्पन्नाची वही वेगळी ठेवावी लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या आपल्या बांधवाचे दान तर परदेशी देणगी ठरते. ते नोंदणीकृत संस्थेलाच आणि ठरवून दिलेल्या खात्यातच घेता येते. म्हणून विहाराचा क्यूआर दानपेटीवरच राहू द्या.

पैसे अडकलेच तर

घाबरू नका आणि भांडू नका. बँकेकडे लेखी विचारा : खाते कोणत्या कारणाने थांबवले, किती रकमेवर रोख आहे, कुणाच्या आदेशाने? पोलिसांच्या सूचनेने असेल तर तक्रार क्रमांक आणि पोलीस ठाणे विचारून घ्या, त्या व्यवहाराचे बिल व माल पाठवल्याची पावती द्या, आणि वादातली रक्कम सोडून बाकी खाते मोकळे करण्याची विनंती करा. बँकेने ३० दिवसांत समाधानकारक उत्तर दिले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्याला पैसे लागत नाहीत, वकीलही लागत नाही. १४४४८ या क्रमांकावर माहिती मिळते. आमच्या वेबसाइटचे पैसे बिले आणि कुरिअरच्या पावत्या दिल्यावरच सुटले. ज्या ऑर्डरच्या पावत्या आम्ही जपल्या नव्हत्या, त्यांनी सर्वाधिक दमवले.

आणि ते सुटेपर्यंत? बचत गटाचा वाटा आम्ही बाकी तिघांनी हातातल्या रोकडीतून आधी दिला. ज्याला उधारी फेडायची आहे त्याचे पैसे आधी, असा नियम तेव्हापासून आमच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. त्याखाली चौघांच्या सह्या आहेत.

हिशेब हाही धम्माचाच भाग

"धम्माच्या कामात कसला आलाय हिशेब," असे म्हणणारे आपल्यात आहेत. भगवान बुद्ध तसे म्हणत नाहीत. कोलिय कुळातल्या दीघजाणू या गृहस्थाने आमच्यासारख्या संसारी माणसांनी सुखाने कसे जगावे, असे विचारले, तेव्हा बुद्धांनी त्याला चार गोष्टी सांगितल्या : उद्योगात कुशल व तत्पर असणे, कष्टाने मिळवलेले राखणे, चांगल्या माणसांची संगत धरणे आणि मिळकत व खर्च यांचा तोल सांभाळून जगणे. दुसऱ्या गोष्टीला पालीत आरक्खसंपदा म्हणतात. आजच्या काळात क्यूआर कुणाच्या नावावर आहे, पासवर्ड कुणाकडे आहे, पावती जपली आहे का, हे प्रश्न आरक्खसंपदेतच येतात.

१९२० साली 'मूकनायक' सुरू झाले ते शाहू महाराजांच्या अडीच हजार रुपयांच्या मदतीवर. बाबासाहेबांची पुढची नियतकालिकेही पैशांच्या ओढाताणीतच चालली. अर्थशास्त्राच्या त्या पंडिताला रुपयाचे मोल पुरेपूर ठाऊक होते. आज आपला वाचक शंभर-दोनशे रुपये स्कॅन करून पाठवतो, त्यावर पुढचे पुस्तक छापले जाते, पुढचा मेण-वातीचा माल भरला जातो. तो रुपया वाटेत अडकू नये, आणि ज्याच्या कष्टाचा आहे त्याच्याच हाती पडावा, एवढी व्यवस्था तरी आपण लावलीच पाहिजे. पुढच्या मोसमाआधी आपापल्या गटाची एक बैठक घ्या, आणि पहिला प्रश्न हाच विचारा : आपला क्यूआर कुणाच्या नावावर आहे?

जय भीम! नमो बुद्धाय!